वाशीम जिल्ह्यातील ढगनिर्मिती व हवामान अंदाज

वाशीम जिल्ह्यातील ढगनिर्मिती व हवामान अंदाज या लेखात महाराष्ट्राच्या पश्चिम विदर्भातील वाशीम जिल्ह्याच्या आकाशात ढग कसे तयार होतात, त्यांतून पाऊस केव्हा पडतो व केव्हा पडत नाही, तसेच या जिल्ह्यासाठी हवामानाचा अंदाज कसा तयार केला जातो व तो कसा वाचावा, याची माहिती दिली आहे. जिल्ह्यातील बहुतांश शेती कोरडवाहू असून खरिपातील सोयाबीन, तूर व कापूस ही पिके मोसमी पावसावर अवलंबून असतात. त्यामुळे पेरणी, फवारणी, कापणी व मळणी यांविषयीचे निर्णय हवामानाच्या अंदाजाशी थेट जोडलेले असतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

वाशीम जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन करून झाली. जिल्ह्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा हे सहा तालुके असून तो अमरावती महसूल विभागात मोडतो. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे पूर्वेकडील फाटे जिल्ह्यातून जात असल्यामुळे जिल्ह्याचा बराचसा भाग पठारी आहे. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरपेक्षा अधिक उंचीवर वसलेले आहे.

हे पठार दोन मोठ्या नदीखोऱ्यांमधील जलविभाजक आहे. जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा नदी उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते व तिचे पाणी तापी खोऱ्यातून अरबी समुद्रात जाते. पैनगंगा, अडाण व अरुणावती या नद्यांचे पाणी मात्र वर्धा व गोदावरी यांच्या मार्गे बंगालच्या उपसागरात पोहोचते. जलविभाजकावरील प्रदेशाला वरच्या भागातून वाहून येणारे पाणी मिळत नाही. येथे जे पाणी उपलब्ध असते ते मुख्यतः येथेच पडलेल्या पावसाचे असते. वाशीम शहराला पाणीपुरवठा करणारा एकबुर्जी प्रकल्प याच पावसावर भरतो, तर काटेपूर्णेच्या पाणलोट क्षेत्रातील पावसावर अकोला शहराचा पाणीपुरवठा अवलंबून असतो.

जिल्हा अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ४५० किलोमीटर आणि बंगालच्या उपसागरापासून ६०० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. येथील ढगांसाठी लागणाऱ्या बाष्पाचा मोठा भाग या दोन समुद्रांवरून वाऱ्यांबरोबर येतो. त्याखेरीज ओलसर जमीन, पिके व जलाशय यांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने व बाष्पोत्सर्जनाने स्थानिक पातळीवर त्यात भर पडते.

ढग कसा तयार होतो

हवेत बाष्प नेहमीच असते, परंतु ते डोळ्यांना दिसत नाही. ढग म्हणजे बाष्प नव्हे. बाष्पापासून बनलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब किंवा हिमकण यांचा तो समूह असतो. बाष्पाचे थेंबांत रूपांतर होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसे बाष्प, हवा थंड होण्याची क्रिया आणि ज्यावर बाष्प साचू शकेल असे सूक्ष्म कण.

हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता तापमानावर अवलंबून असते. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. २० अंशांना ही मर्यादा सुमारे १७ ग्रॅम व १० अंशांना सुमारे ९ ग्रॅम असते. हवेतील बाष्प तेवढेच ठेवून ती थंड करत गेल्यास एका विशिष्ट तापमानाला ती संपृक्त होते. या तापमानाला दवबिंदू तापमान म्हणतात. त्याखाली हवा थंड झाली की जादा बाष्पाचे सांद्रीभवन होते. हिवाळ्यात पहाटे गवतावर पडणारे दव, पैनगंगेच्या काठावर दिसणारे धुके आणि आकाशातील ढग ही एकाच क्रियेची तीन रूपे आहेत.

हवा थंड होण्याचा सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे ती वर जाणे. जमिनीपासून उंच जावे तसा हवेचा दाब कमी होतो. दाब कमी झाल्याने वर जाणारी हवा प्रसरण पावते आणि प्रसरणासाठी स्वतःची ऊर्जा खर्च झाल्याने थंड होते. संपृक्त नसलेली हवा दर किलोमीटर उंचीला सुमारे ९.८ अंश सेल्सियस या दराने थंड होते. त्याच वेळी तिचे दवबिंदू तापमानही दर किलोमीटरला साधारण १.८ अंशांनी उतरते. म्हणजेच या दोन तापमानांमधील अंतर दर किलोमीटरला सुमारे ८ अंशांनी कमी होत जाते. ज्या उंचीवर हे अंतर संपते तेथे ढगाचा तळ तयार होतो.

यावरून ढगाच्या तळाची उंची काढण्याचा एक सोपा नियम मिळतो. जमिनीवरील हवेचे तापमान व दवबिंदू तापमान यांतील फरकाला १२५ ने गुणले असता ढगाच्या तळाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये अंदाजे कळते. उदाहरणार्थ, मे महिन्यातील एखाद्या दुपारी तापमान ४२ अंश व दवबिंदू १० अंश असेल, तर फरक ३२ अंशांचा होतो आणि ढगाचा तळ सुमारे ४,००० मीटर उंचीवर राहतो. जुलै महिन्यात तापमान २९ अंश व दवबिंदू २३ अंश असेल, तर हीच उंची सुमारे ७५० मीटर होते. पावसाळ्यात ढग डोंगरमाथ्यांना टेकल्यासारखे दिसतात आणि उन्हाळ्यात ते फार उंच दिसतात, याचे कारण हेच आहे.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. उन्हाळ्यातील उंच ढगातून पाऊस सुटला तरी त्याच्या थेंबांना कोरड्या व तप्त हवेतून काही किलोमीटर खाली यावे लागते. त्या प्रवासात त्यांचे पुन्हा बाष्प होते. आकाश काळवंडते, वारा सुटतो, धूळ उडते, परंतु जमीन भिजत नाही. वाटेत झालेल्या बाष्पीभवनामुळे थंड झालेली जड हवा वेगाने खाली कोसळते आणि तीच वावटळीसारख्या जोरदार वाऱ्याच्या रूपाने जमिनीवर पसरते.

संघनन केंद्रके व थेंबांची वाढ

पूर्णपणे स्वच्छ हवेत बाष्पाचे थेंब सहजासहजी तयार होत नाहीत. त्यांना आधार म्हणून समुद्रातून उडालेले मिठाचे कण, धूळ, धूर व परागकण यांसारख्या सूक्ष्म कणांची गरज असते. या कणांना संघनन केंद्रके म्हणतात. त्यांच्यावर बाष्प साचून तयार झालेल्या ढगातील थेंबाचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर असतो. इतका लहान थेंब सेकंदाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर या वेगाने खाली येऊ पाहतो, आणि वर येणारा हवेचा हलका प्रवाहदेखील त्याला तरंगत ठेवतो. ढग खाली पडत नाहीत असे आपल्याला वाटते ते यामुळे.

पावसाच्या मध्यम आकाराच्या थेंबाचा व्यास सुमारे २ मिलिमीटर असतो. म्हणजे त्याचा व्यास ढगातील थेंबाच्या शंभर पट व घनफळ दहा लाख पट असते. ढगातील सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब तयार होतो. ही वाढ दोन प्रकारे होते. गोठणबिंदूच्या वर तापमान असलेल्या उष्ण ढगांमध्ये मोठे थेंब लहान थेंबांवर आदळून त्यांना आपल्यात सामावून घेतात. उंच व थंड ढगांमध्ये शून्य अंशाखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब आणि हिमकण एकत्र असतात. तेथे थेंबांचे बाष्प होऊन ते हिमकणांवर साचते, हिमकण मोठे होतात व खाली येताना वितळून पाऊस होतात. प्रत्येक ढगात या क्रिया पूर्ण होतातच असे नाही. त्यामुळे आकाशात ढग असणे आणि पाऊस पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवा वर जाण्याची कारणे

वाशीमच्या आकाशात हवा प्रामुख्याने तीन कारणांनी वर जाते.

पहिले कारण म्हणजे जमीन तापणे. काळी जमीन व खडकाळ माळ उन्हाने तापतात, त्यांच्या संपर्कातील हवा हलकी होऊन वर जाते आणि दुपारनंतर ढग रचले जातात. मे महिन्यातील वळवाचा पाऊस व ऑक्टोबरमधील परतीच्या काळातील गडगडाटी पाऊस मुख्यतः अशा अभिसरणामुळे पडतो. तो थोड्या क्षेत्रावर व थोडा वेळ पडतो. एका शिवारात पाणी साचते आणि शेजारच्या गावात रस्ता कोरडा राहतो.

दुसरे कारण म्हणजे कमी दाबाचे क्षेत्र. बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे पावसाळ्यात बहुधा पश्चिम-वायव्य दिशेने ओडिशा, छत्तीसगड व मध्य भारताकडे सरकतात. त्यांच्या परिसरात सर्व बाजूंनी येणारे वारे एकवटतात व हवा विस्तृत प्रदेशावर वर ढकलली जाते. अशा वेळी अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारेही मध्य भारताकडे खेचले जातात. विदर्भात दोन-तीन दिवस लागणारी झड बहुतेक वेळा या स्थितीमुळे येते.

तिसरे कारण म्हणजे भूरचना. वाऱ्याच्या मार्गात डोंगर आल्यास हवा उतारावरून वर चढते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर याच कारणाने अतोनात पाऊस पडतो आणि पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. वाशीम जिल्ह्यातील टेकड्या सह्याद्रीइतक्या उंच नसल्याने त्यांचा परिणाम मर्यादित असतो.

हवा एकदा संपृक्त होऊन ढग बनू लागला की त्या क्रियेला स्वतःचे इंधन मिळते. बाष्पाचे पाणी होताना दर किलोग्रॅममागे सुमारे २५ लाख ज्यूल इतकी सुप्त उष्णता बाहेर पडते. या उष्णतेमुळे ढगातील हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते व आणखी वर जाते. दमट व अस्थिर हवेत तासाभरात ढगाचा पर्वताएवढा मनोरा उभा राहतो तो याच ऊर्जेवर.

वाशीमच्या आकाशातील ढग

ढगांचे आकारानुसार वर्गीकरण प्रथम इंग्लंडमधील ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये मांडले. जागतिक हवामान संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात ढगांचे दहा मुख्य प्रकार आहेत. त्यांपैकी जिल्ह्यात सहज ओळखता येणारे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

- सिरस: पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे, अतिउंचीवरील पांढरे ढग. ते हिमकणांचे असतात. त्यांतून जमिनीवर पाऊस पडत नाही.
- अल्टोक्युम्युलस: मध्यम उंचीवरील लहान लहान पुंजक्यांचे ढग. उन्हाळ्यात सकाळीच असे पुंजके वर वाढताना दिसले, तर वरची हवा अस्थिर असल्याचे ते लक्षण असते.
- क्युम्युलस: सपाट तळ व फुलकोबीसारखा माथा असलेले राशिमेघ. उंची कमी असेल तर ते चांगल्या हवेचे निदर्शक असतात.
- क्युम्युलोनिम्बस: तळापासून दहा ते पंधरा किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीपर्यंत वाढणारे गर्जनारे ढग. त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरलेला असतो. वीज, गारपीट, वादळी वारा व जोराचा पाऊस या ढगांतून येतो.
- स्ट्रॅटस: खालच्या थरात चादरीसारखे पसरलेले करडे ढग. त्यांतून बहुधा भुरभुर पडते.
- निम्बोस्ट्रॅटस: सूर्य पूर्णपणे झाकणारे जाड, गडद थर. झडीचा संथ व दीर्घ पाऊस यांतून पडतो.

गारांची निर्मिती फक्त क्युम्युलोनिम्बस ढगात होते. जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाहामुळे हिमकण गोठणबिंदूच्या वरच्या थरांत टिकून राहतात, त्यांवर न गोठलेले पाणी साचून गोठते व ते जड झाले की खाली कोसळतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वरच्या थरांत थंड हवा व खाली तापलेली दमट हवा अशी स्थिती आल्यास मध्य भारतात गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर व मार्चमध्ये विदर्भ आणि मराठवाड्यात झालेल्या व्यापक गारपिटीने गहू, हरभरा व फळबागांची मोठी हानी झाली होती.

वर्षभरातील हवामान

मार्च ते मे हा उन्हाळा असून मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्याच्या सुमारास पश्चिम विदर्भात पोहोचतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. वार्षिक पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या चार महिन्यांची जिल्ह्याची सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे.

हा पाऊस सलग नसतो. मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावर असतो तेव्हा विदर्भात पाऊस जोर धरतो, आणि तो पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारतात पावसाचा खंड पडतो. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील भारताचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलोऱ्यात किंवा शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना पडलेला असा खंड उत्पादनाला मारक ठरतो, मग हंगामाची एकूण सरासरी कितीही समाधानकारक असो.

अंदाज कसा तयार होतो

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे १८८६ मध्ये देशातील मोसमी पावसाचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज दिला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातील हवेच्या दाबाच्या नोंदींचा मोसमी पावसाशी असलेला संबंध तपासला. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारित प्रारूप विकसित केले. आजचे अंदाज मुख्यतः वातावरणाची गणिती समीकरणे संगणकावर सोडवून काढले जातात.

या पद्धतीत प्रथम वातावरणाची सद्यःस्थिती मोजली जाते. भूपृष्ठावरील वेधशाळा, स्वयंचलित केंद्रे, हवेत सोडलेले फुगे, विमाने, जहाजे, रडार व इन्सॅट मालिकेतील उपग्रह यांच्या नोंदी एकत्र केल्या जातात. त्यानंतर संपूर्ण वातावरण चौकटींच्या जाळ्यात विभागून प्रत्येक चौकटीतील तापमान, दाब, वारा व बाष्प पुढे कसे बदलतील हे महासंगणक काढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली व मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या चौकटी वापरते. त्यापूर्वीच्या प्रणालीत त्या १२ किलोमीटरच्या होत्या.

विदर्भासाठीचे अंदाज व इशारे नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्राकडून प्रसिद्ध होतात. अंदाज कालावधीनुसार पुढील प्रकारचे असतात.

- तात्कालिक अंदाज: पुढील सुमारे तीन तासांसाठी; मुख्यतः रडार व उपग्रह यांवर आधारित.
- अल्प पल्ल्याचा अंदाज: तीन दिवसांपर्यंत.
- मध्यम पल्ल्याचा अंदाज: दहा दिवसांपर्यंत.
- विस्तारित पल्ल्याचा अंदाज: सुमारे चार आठवड्यांपर्यंत, यात एखाद्या विशिष्ट दिवसाऐवजी आठवड्याचा कल सांगितला जातो.
- दीर्घ पल्ल्याचा अंदाज: संपूर्ण हंगामासाठी, यात प्रशांत महासागरातील एल निनो व हिंद महासागरातील तापमानाची स्थिती विचारात घेतली जाते.

शेतकऱ्यांसाठी ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला दिला जातो. पश्चिम विदर्भात या कामासाठी अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी हवामान केंद्र आहे. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये २०१८ नंतर सुरू झालेले जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ च्या सुरुवातीस देशभर बंद करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत स्तरावरील अंदाज उपलब्ध करून देण्यात आले आहेत. मेघदूत हे ॲप पीकनिहाय सल्ला देते, तर दामिनी हे ॲप परिसरातील विजेचा इशारा देते.

पर्जन्यमापन

अंदाज खरा ठरला की नाही हे मोजमापावरून ठरते. हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीनुसार पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० या चोवीस तासांसाठी मोजतात. त्यामुळे सोमवारी रात्री पडलेला पाऊस मंगळवारच्या नोंदीत दिसतो. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडतो तो पावसाचा दिवस मानला जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १०,००० लिटर, तर एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी.

महाराष्ट्र शासनाच्या महावेध प्रकल्पात राज्यातील महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाची नोंद झाल्यास तेथे अतिवृष्टी झाल्याचे मानून पीकनुकसानीच्या पंचनाम्यांची कार्यवाही केली जाते. वळवाच्या पावसाचे क्षेत्र लहान असल्याने केंद्रापासून काही किलोमीटर अंतरावरील शेतात ढगफुटीसारखा पाऊस होऊनही केंद्रावर त्याची नोंद न होणे शक्य असते. पर्जन्यमापकाचे स्थान हा म्हणूनच केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. त्यावर शेतकऱ्याला मिळणारी मदत अवलंबून असते.

अंदाजातील शब्दांचे अर्थ

हवामान अंदाजातील शब्द ठरावीक अर्थाने वापरले जातात. पावसाचे क्षेत्र सांगणारे शब्द हे प्रदेशातील किती टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे ते दर्शवतात.

- एक-दोन ठिकाणी: २५ टक्क्यांपर्यंत केंद्रे
- काही ठिकाणी: २६ ते ५० टक्के
- अनेक ठिकाणी: ५१ ते ७५ टक्के
- बहुतांश ठिकाणी: ७६ ते १०० टक्के

पावसाचे चोवीस तासांतील प्रमाण सांगणारे शब्द असे आहेत.

- हलका: २.५ ते १५.५ मिलिमीटर
- मध्यम: १५.६ ते ६४.४ मिलिमीटर
- जोरदार: ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर
- अति जोरदार: ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर
- अत्यंत जोरदार: २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक

हिरवा रंग इशारा नसल्याचे, पिवळा लक्ष ठेवण्याचे, नारिंगी सज्ज राहण्याचे व लाल तातडीने कृती करण्याचे सूचन करतो. रंग हा केवळ पावसाच्या प्रमाणावर नव्हे, तर त्यापासून संभवणाऱ्या परिणामांवरही ठरतो.

“वाशीम जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी जोरदार पाऊस” या वाक्याचा अर्थ जिल्ह्याच्या बहुतेक भागात जोरदार पाऊस होणार नाही असाही होतो. असा अंदाज ऐकून प्रत्येक गावात मुसळधार पावसाची अपेक्षा ठेवली, तर तीन-चतुर्थांश गावांना अंदाज चुकला असे वाटेल. प्रत्यक्षात तो बरोबर आलेला असेल.

अंदाजाच्या मर्यादा

अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की वातावरणाच्या आरंभीच्या मोजमापातील अत्यल्प फरकही काही काळाने मोठा होतो. त्यामुळे दिवस जसे पुढे जातात तशी अंदाजाची अचूकता घटते. यावर उपाय म्हणून संगणकावर किंचित वेगवेगळ्या आरंभस्थितींपासून अनेक अंदाज काढले जातात. ते एकमेकांशी जुळले तर विश्वास वाढतो, विखुरले तर अनिश्चितता अधिक असल्याचे कळते.

दुसरी मर्यादा ढगांच्या आकाराची आहे. एका गडगडाटी ढगाचा विस्तार काही किलोमीटरच असतो. कमी दाबाच्या क्षेत्रामुळे येणारी झड दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. वळवाचा ढग नेमका कोणत्या शिवारावर फुटेल हे मात्र काही तास आधीही सांगणे कठीण असते.

तिसरी मर्यादा स्थानिक आहे. वाशीम हे नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटरवर आहे. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र वक्र आहे. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण एवढ्या अंतरावर सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर पोहोचतो. त्यामुळे नागपूरच्या रडारला वाशीमवरील उंच गर्जनारे ढग दिसू शकतात, पण त्याखालचे कमी उंचीचे पावसाळी ढग त्याच्या किरणाखालीच राहतात.

पारंपरिक आडाखे

सूर्याच्या नक्षत्रप्रवेशावरून पावसाळ्याची मांडणी करण्याची पद्धत जिल्ह्यात रूढ आहे. सूर्य जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मृग नक्षत्रात व २२ जूनच्या सुमारास आर्द्रा नक्षत्रात प्रवेश करतो. ही मांडणी दीर्घ अनुभवावर आधारलेले शेतीचे वेळापत्रक म्हणून उपयुक्त आहे, कारण नक्षत्रे सूर्याच्या स्थितीशी आणि म्हणून ऋतूशी जोडलेली आहेत. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की कोल्हा, यावरून त्या वर्षीच्या पावसाचे प्रमाण ठरवण्यास मात्र वैज्ञानिक आधार नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणाऱ्या घटमांडणीच्या भाकितांकडेही पश्चिम विदर्भातील अनेक शेतकऱ्यांचे लक्ष असते. त्यांनाही वैज्ञानिक आधार नाही.

मुंग्यांनी अंडी हलवणे, चंद्राभोवती खळे पडणे यांसारख्या निरीक्षणांची गोष्ट थोडी वेगळी आहे. चंद्राचे खळे उंचावरील पातळ ढगांतील हिमकणांमुळे दिसते, म्हणजेच वरच्या थरात बाष्प असल्याचे ते खरे लक्षण आहे. त्यावरून पाऊस पडेलच असा निष्कर्ष काढता येत नाही.

कृत्रिम पाऊस

ढगांत मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडून थेंबांची वाढ घडवण्याच्या पद्धतीला मेघबीजन म्हणतात. महाराष्ट्रात अवर्षणाच्या काळात हे प्रयोग झाले असून भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात त्याचा शास्त्रीय अभ्यास केला आहे. या तंत्राने ढग निर्माण करता येत नाही. योग्य ढग आधीच असतील तरच त्यांतील पाऊस काही प्रमाणात वाढण्याची शक्यता असते. निरभ्र आकाशाच्या खंडकाळात त्याचा उपयोग होत नाही.

शेती व सुरक्षिततेसाठी उपयोग

खरीप पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल जाण्याची वाट पाहावी, असा सल्ला कृषी विभाग देतो. ७५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे तीन लाख लिटर पाणी. मोसमी वारे पोहोचण्यापूर्वीच्या वळवाच्या एका सरीवर पेरणी केली व पुढे खंड पडला, तर उगवलेले रोप करपते आणि दुबार पेरणीची वेळ येते. बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो आणि पीक उशिरा तयार होते. म्हणून पेरणी करताना तीन बाबी एकत्र पाहणे हिताचे ठरते: आपल्या मंडळात प्रत्यक्ष किती पाऊस झाला, मोसमी वारे विदर्भात दाखल झाल्याचे जाहीर झाले आहे काय, आणि विस्तारित पल्ल्याच्या अंदाजात पुढील दोन आठवड्यांचा कल काय आहे.

फवारणीनंतर लगेच पाऊस आल्यास औषध धुऊन जाते, तर कापणी केलेले सोयाबीन भिजल्यास दाणे डागाळतात. या कामांसाठी एक ते तीन दिवसांचा अंदाज सर्वांत उपयोगी असतो.

विजेच्या बाबतीत काही मिनिटेही महत्त्वाची असतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज चमकल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले असता विजेचे अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. हा काळ ३० सेकंदांपेक्षा कमी असेल तर शेतातील काम थांबवून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर येऊ नये. एकाकी झाडाखाली आसरा घेणे, पाणी भरलेल्या शेतात उभे राहणे व विद्युत खांबाजवळ थांबणे धोक्याचे असते. ऐरणीच्या आकाराचा माथा असलेला ढग दिसू लागल्यास पहिल्या गडगडाटाची वाट न पाहता शेतातून परत फिरणे सुरक्षित असते.